निरीक्षणाचा रकाना

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या ग्रुपवर कार्यक्रमाची आखणी चालली होती तेव्हा मला सांगण्यात आलं, "तू अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल. नाहीतर मुलांच्या करिअरवर बोल." या दोन विषयांवर बोलणाऱ्यांची आपल्याकडे मुळीच टंचाई नाही. मी म्हटलं, मी क्लचवर बोलते. त्यानंतर ग्रुपवर तासभर शांतता होती. मग एकाने विचारलं, "कुठल्या गाडीच्या?" त्याचं उत्तर आज देते.

मी मिनेसोटा राज्यात दुलूथ या गावी राहते. गाव लेक सुपीरिअरच्या काठावर आहे. नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही. अशा भागात फिरायला स्नोमोबिल नावाचं वाहन असतं. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, आणि बसायला मोटरसायकलसारखी सीट. याच राज्यातल्या रोझो नावाच्या छोट्या गावात १९५० च्या दशकात ती बनायला लागली आणि आज तिच्यासाठी इथे ३५ हजार किलोमीटरहून जास्त वाटा आखलेल्या आहेत. त्यातल्या बहुतेक गावोगावचे क्लब स्वयंसेवकांच्या बळावर सांभाळतात. एक गंमत सांगते. ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्यांना ती चालवण्याआधी सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. म्हणजे आपली अख्खी तुकडी त्यात बसते. मी माझ्या चौदा वर्षांच्या लेकीबरोबर तो अभ्यास केला, आणि तिचे मार्क माझ्यापेक्षा जास्त आले.

तर आम्ही एक जुनी स्नोमोबिल घेतली. दोन सिलिंडरचं, ६०० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, कार्ब्युरेटरवालं. शेजारचे गृहस्थ आयुष्यभर लोहखनिजाच्या खाणीत जड यंत्रांचे फिटर होते. त्यांनी कॉम्प्रेशन तपासलं. एका सिलिंडरला १२० पौंड, दुसऱ्याला ९५. ते म्हणाले, इंजिन खोलावं लागेल.

इथे मला थोडं मागे जाऊ द्या. आठवीत टेक्निकलच्या तासाला मुलं वर्कशॉपमध्ये जायची आणि आम्ही मुली शिवणाला. माझी तक्रार नाही, मला आजही काजं उत्तम करता येतात. पण खरं सांगायचं तर इंजिनिअरिंगची पदवी घेऊनही माझ्या हातात पान्हा म्हणावा तसा आलाच नव्हता. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानशीने लोखंडाचा एक तुकडा घासून चौकोनी केला होता, तेवढंच. त्यामुळे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, गॅरेजमध्ये हीटर लावून, लेकीने टॉर्च धरलेला असताना मी पहिल्यांदा सिलिंडर उचलला आणि आतला पिस्टन पाहिला, तेव्हा मला झालेला आनंद इथल्या वर्कशॉपवाल्या मुलांना कळायचा नाही.

पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सगळं नवं घातलं. हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोराने आवळले. पहिली टाकी पेट्रोलमध्ये थोडं जास्त तेल मिसळून, पूर्ण रेस न देता संपवली, म्हणजे रिंगा बसतात. मग आला क्लच.

हा क्लच आपल्या ओळखीचाच आहे. आठवा, १९८४ साली कायनेटिक होंडा आली तेव्हा बिनगिअरची स्कूटर म्हणून लोक ती बघायला थांबायचे. आज तुमच्या दारातल्या अॅक्टिव्हातही तेच तत्त्व आहे. दोन पुल्या आणि मध्ये रबरी बेल्ट. पुढची पुली इंजिनावर, मागची चाकाकडे. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन बशा. बशा लांब असल्या की बेल्ट मध्ये खोल बसतो, जवळ आल्या की बेल्ट कडेकडे वर चढतो. सुटताना इंजिनाच्या पावणेचार फेऱ्यांना मागची पुली साधारण एक फेरी फिरते, आणि पूर्ण वेगात तीच इंजिनापेक्षाही थोडी जास्त फिरते. मधले सगळे गिअर आपोआप पडतात, एकही दाता नसताना.

बशा जवळ कोण ढकलतं? स्कूटरमध्ये ते काम गोल रोलर करतात. (अॅक्टिव्हा उठेनाशी झाली आणि मेकॅनिक म्हणाला की रोलर एका बाजूने घासून चपटे झालेत, तर तो खोटं बोलत नसतो.) आमच्या स्नोमोबिलमध्ये ते काम करतात बिजागरीवर बसवलेली तीन वजनं, प्रत्येकी ५५ ग्रॅमची. आपल्या शाळेमागे ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचे, आठवतं? गोफण जितक्या जोरात फिरवाल तितका दगड बाहेर ओढतो. तसंच पुली जोरात फिरली की वजनं बाहेर झेपावतात आणि बशीला ढकलतात. त्यांना उलट दाबून धरायला एक स्प्रिंग असते.

यातला जोर किती असतो ते बघा. मिनिटाला ८००० फेऱ्या, केंद्रापासून साधारण ६ सेंटिमीटर अंतर आणि ५५ ग्रॅम वजन. बाईंनी शिकवलेलं सूत्र लावलं तर ते एकेक वजन सुमारे २३५ किलोच्या जोराने बाहेर ओढतं. ४००० फेऱ्यांना हाच जोर चौथाई, म्हणजे साठ किलोच्या आत. आणि वजनात एकच ग्रॅम वाढवला तर ८००० फेऱ्यांना चार किलोहून जास्त फरक पडतो. म्हणून या कामात ग्रॅमग्रॅमचा हिशेब असतो.

हिशेब कशासाठी? प्रत्येक इंजिनाची एक जागा असते जिथे ते सगळ्यात जास्त ताकद देतं. आमच्या इंजिनाची ती जागा ८००० आरपीएमच्या आसपास. पूर्ण रेस दिल्यावर इंजिन तिथे जाऊन तिथेच टिकलं पाहिजे. वजनं जड झाली तर बेल्ट लवकर वर चढतो, इंजिनावर ओझं पडतं आणि ते ७५०० वरच दमतं. चढावर चुकीच्या गिअरमध्ये सापडलेल्या एसटीसारखं. वजनं हलकी झाली तर उलटं, इंजिन नुसतं ओरडत ८५०० वर जातं आणि गाडी पुढे जात नाही. साधा नियम असा की एक ग्रॅम कमी केला की साधारण शंभर आरपीएम वाढतात.

आता माझी चूक सांगते. आज बोलायला उभी राहिले ती खरं तर त्यासाठीच.

पहिल्या चाचणीत पूर्ण रेसला काटा ७५०० वर थांबला. हवे होते ८०००. मी शेजाऱ्यांना विचारायला गेले नाही. म्हटलं, इंजिन त्यांच्या मदतीने झालं, हे तरी आपण करू. शेवटी हा गणिताचा भाग आहे आणि आपण इंजिनिअर आहोत. ५५ ची वजनं काढून ५३ ची घातली. ७७०० झाले. ५१ ची घातली, ७९५०. मी लेकीला टाळी दिली. गणित बरोबर आलं होतं.

लेक म्हणाली, "आई, रेस सोडली तरी ते लगेच गप्प बसत नाही. थोडा वेळ ओरडत राहतं. आधी असं नव्हतं."

मी म्हटलं, "थंडीमुळे असेल. काटा बघ ना, बरोबर आलाय."

बाई, तुम्हाला आठवत असेल, आपल्या प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे रकाने असायचे. आम्ही पुस्तकातलं अनुमान आधी उतरवायचो आणि मग त्याला जुळेल असं निरीक्षण लिहायचो. तुम्ही एकदा माझ्या वहीवर लाल रेघ मारून विचारलं होतंत, "हे तू पाहिलंस का, की तुला दिसायला हवं होतं म्हणून लिहिलंस?" त्या दिवशी गॅरेजमध्ये मी नेमकं तेच केलं. माझं अनुमान तयार होतं. लेकीचं निरीक्षण त्यात बसत नव्हतं, म्हणून मी ते लिहिलंच नाही.

आणखी एक गोष्ट मी पाहिली नाही. कंपनीने त्या इंजिनाला ५५ ग्रॅमच नेमून दिले होते. वजनं तीच, स्प्रिंग तीच, बेल्टही त्याच नंबरचा. मग नव्याने बांधलेलं इंजिन त्याच वजनांवर पाचशे फेऱ्यांनी कमी का पडावं? कारण ते पूर्ण ताकद देतच नव्हतं. क्लच मला तेच सांगत होता. मी इंजिनाकडे बघायचं सोडून त्याचं ओझं कमी केलं. काटा वर आला, पण ताकद तेवढीच राहिली. त्याच पट्ट्यावर वेग वाढला का, हे मी मोजलं असतं तर तिथेच कळलं असतं. मोजलंच नाही. प्लग काढून त्यांचा रंगही पाहिला नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही दोघी एका मोठ्या गोठलेल्या तळ्यावर गेलो. पारा उणे २४. दुपारी चारला परत निघालो. सपाट बर्फ, समोर कोणी नाही, मी पूर्ण रेस दिली. दोनेक मिनिटं गाडी छान पळाली. मग आवाज बदलला, मागचा पट्टा अडकल्यासारखा झाला आणि आम्ही घसरत थांबलो. इंजिन जाम झालं होतं. काठ आठ किलोमीटर दूर, फोनला रेंज नाही, आणि सूर्य मावळायला तासही उरलेला नाही.

प्रशिक्षणात शिकवलं होतं की गाडी सोडून चालत सुटायचं नाही. थांबलो. गाडीच्या आडोशाला बसलो, आळीपाळीने उठून चाललो, डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. लेक आधी बोलत होती, मग बोलेनाशी झाली. पन्नास मिनिटांनी बर्फाला भोक पाडून मासे धरणारं एक जोडपं घरी जाताना दिसलं. त्यांनी आमचा हातातला टॉर्च पाहिला. त्यांच्या झोपडीत नेऊन तिचे बूट काढले तेव्हा पायाची बोटं पांढरी पडली होती, तिला हात लावलेला कळत नव्हता. कोमट पाण्यात हळूहळू रंग परत आला, आणि रंग आला तशी ती वेदनेने रडली. बोटं वाचली. आज ती बरी आहे. पण ती पन्नास मिनिटं माझ्या हिशेबातून जात नाहीत.

घरी येताना ती म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस." त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इंजिन खोललं. डाव्या पिस्टनची कड वितळली होती. कारण सापडलं ते चार बोटांएवढं. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड. वरून धड दिसत होता म्हणून मी बांधणीत जुनाच ठेवला होता. शेजाऱ्यांनी तो हातात घेऊन वाकवला तर बारीक चीर उघडली. तिथून इंजिन जादा हवा ओढत होतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल नुसतं जळत नाही, आत येताना ते पिस्टनला थंडही ठेवतं. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की तो सिलिंडर ताकद कमी देतो आणि तापतो मात्र जास्त. थोडी थोडी रेस देताना हे निभावून जातं. तळ्यावर दोन मिनिटं पूर्ण रेस दिली आणि ते निभावलं नाही. आणि रेस सोडल्यावर इंजिन ओरडत राहतं, ही अशा गळतीचीच खूण असते. लेकीने नेमकं तेच ऐकलं होतं.

शेजारी मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की इंजिनाचं दुखणं क्लचने बरं होत नाही, फक्त दिसेनासं होतं.

आम्ही ते इंजिन दुसऱ्यांदा बांधलं. या वेळी दोन्ही रबरी जोड नवे. आणि सुरू करण्याआधी इंजिनाची सगळी तोंडं बंद करून आत थोडी हवा भरली, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडा येतो का पाहिलं. बसस्टँडजवळचा आपला पंक्चरवाला ट्यूब टबात बुडवायचा, अगदी तसं. माझी पदवी त्याच्या टबापर्यंत यायला दोन इंजिनं लागली. दहा मिनिटं काटा हलला नाही. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन १२० आलं. तेव्हा कुठे मी क्लचला हात लावला, आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर ५५ ग्रॅमची मूळ वजनं परत बसवली.

चाचणीची पद्धतही बदलली. आधी बेल्ट आणि इंजिन नीट गरम करायचं. एकाच पट्ट्यावर जाताना तीन आणि येताना तीन फेऱ्या, म्हणजे वाऱ्याचा फरक निघून जातो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वजन बदललं तर त्या दिवशी स्प्रिंगला हात नाही. तिन्ही वजनं तराजूवर तोलून सारखी आहेत याची खात्री करायची. झाकणावरच्या आणि पुलीवरच्या खुणा जुळवूनच झाकण बसवायचं, नाहीतर तोल जातो. बेल्ट काढलेला असताना इंजिन कधीही सुरू करायचं नाही, आणि क्लचवरचं संरक्षक आवरण लावल्याशिवाय रेस द्यायची नाही, कारण त्या वेगाने फुटलेली पुली म्हणजे बॉम्बच.

५५ ग्रॅमवर आरपीएम आले ८१५०. आदल्या वेळेपेक्षा साडेसहाशे जास्त, वजन तेच असताना. फरक होता तो निरोगी इंजिनाचा. कडाक्याच्या थंडीत हवा दाट असते, इंजिनाला थोडी जास्त ताकद मिळते, म्हणून एकच ग्रॅम वाढवला. ५६ वर ८०५०. तिथे थांबलो. प्लग काढून पाहिले, दोन्ही चॉकलेटी. आणि काट्यावरचा वेग पहिल्या खेपेपेक्षा स्पष्ट जास्त. आकडा आधीही बरोबर होता आणि आताही बरोबर होता. पण पहिला आकडा मी जमवून आणला होता.

मैत्रिणींनो, मित्रांनो, मी रोज सॉफ्टवेअर लिहिते. आमच्याकडेही हेच चालतं. पडद्यावरचा आकडा लाल दिसला की तो हिरवा करायच्या शंभर युक्त्या असतात, आणि मूळ बिघाड कुठेतरी तापत राहतो. तुमच्यापैकी कुणी डॉक्टर आहे, कुणी बँकेत, कुणी शेती करतं, कुणी याच शाळेत शिकवतं. जमवून आणलेले आकडे तुमच्याकडेही असतील. आणि ज्यांच्या हातात काटा नाही, पदवी नाही, पण ज्यांना आवाज ऐकू येतो, अशी माणसंही असतील. घरात तर नक्कीच असतात. माझ्या घरात ते माणूस चौदा वर्षांचं होतं.

दुसऱ्या बांधणीपासून आम्ही एक वही ठेवली आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. गेल्या खेपेला इथल्याच दुकानातून नेली होती. तारीख, तापमान, बर्फ कोरडा की ओला, वजनं किती ग्रॅमची, जास्तीत जास्त आरपीएम, वेग, प्लगचा रंग असे रकाने मी आखले. लेकीने पट्टी घेतली आणि शेवटी एक रकाना आखून त्यावर लिहिलं, "आवाज". तो रकाना तीच भरते. तो कोरा असेल तर गाडी बाहेर निघत नाही, असं आमचं ठरलेलं आहे.

ती वही आज मी बरोबर आणली आहे. बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. मराठी आणि इंग्रजीची सरमिसळ आहे, ग्रीसचे डागही आहेत. पण अनुमान कुठेही निरीक्षणाच्या आधी लिहिलेलं नाही. चहाच्या वेळी जरा नजर टाका, आणि लाल पेन जवळ असेल तर एक सही करा. लेकीला दाखवायची आहे.